हात न लावलेला स्टार्टर

“काकांचं ऐकून फार वाईट वाटलं, मॅडम,” सर्व्हिस सेंटरचा सल्लागार फोनवर म्हणाला, आणि मधे श्वासही न घेता पुढे म्हणाला, “गाडी आम्ही घेऊ ना. फक्त स्टार्टर जळालेला आहे, तेवढी किंमत वजा करावी लागेल.”

“किती?”

त्याने आकडा सांगितला. शहाणीला तो पाठ होता. कंपनीच्या खोक्यातला नवा स्टार्टर, वर बसवायची मजुरी. हाच आकडा तिच्या वडिलांना, नानांना, सांगितला गेला होता, आणि ते घरी येऊन जेवणाच्या टेबलापाशी तो असा उच्चारून गेले होते, जणू डॉक्टरने एखाद्या दुखण्याचं नाव सांगितलं होतं. त्यावर आई म्हणाली होती, “ह्या महिन्यात नको. आधी गच्चीची गळती काढू. सुरू तर होतेय ना अजून?”

सुरू होत होती. दोनदा टकटक करायची, तिसऱ्यांदा उठायची. आणि मग त्या सकाळी नाना छाती धरून पलंगावर बसले, आईने त्यांना कसंबसं खाली आणलं, शहाणीने किल्ली फिरवली, तेव्हा नुसतीच टकटक. किल्ली फिरव, टक. पुन्हा फिरव, टक. शेजारच्यांची गाडी बाहेरगावी. अ‍ॅम्ब्युलन्स आली ती आरामात, रस्ता चुकून. हॉस्पिटलमधला तरुण डॉक्टर हातमोजे काढता काढता बोलून गेला, “थोडं आधी आणलं असतं तर.” बोलला आणि विसरला. आई विसरली नाही.

आता ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होती. “मीच नको म्हटलं.” मावशीला सांगितलं, बँकेतल्या कारकुनाला सांगितलं, परवा तर मीटर बघायला आलेल्या माणसालाही. तो बिचारा टॉर्च हातात धरून नुसता उभा राहिला.

शहाणीचं खरं नाव चांगलं होतं. पण लहानपणापासून प्रत्येक उत्तरावर एक प्रश्न विचारायची म्हणून नाना तिला शहाणी म्हणायचे, कधी कौतुकाने, बहुतेकदा वैतागून. ह्या खेपेला शहाणपण कामाला आलं नाही. तिने आईला समजावून पाहिलं, हृदयाच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊन पाहिलं. “सांगता येत नाही, कदाचित तरीही वाचले नसते,” ते म्हणाले. आईने त्यातला ‘कदाचित’ तेवढा घरी आणला.

“त्या माणसाला म्हणावं, हवं ते काप,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “पण ती गाडी माझ्या डोळ्यांसमोरून हलव.”

“उद्या कळवते,” शहाणी फोनवर म्हणाली, आणि ठेवल्याबरोबर आत्याला लावला.

नानांच्या या धाकट्या बहिणीचं बाजारामागच्या गल्लीत दुकान होतं. स्टार्टर आणि डायनामोची आतली तार नव्याने भरायची, त्यांचे कार्बनचे ब्रश बदलायचे, जुने उघडून पुन्हा नव्यासारखे करून द्यायचे. अर्ध्या शहराच्या टॅक्स्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. भावाची गाडी मात्र कधीच गेली नव्हती. सर्व्हिस सेंटरवाले काही बोल्टांवर पिवळ्या रंगाचा ठिपका लावून देत. आम्ही घट्ट केलाय, याची खूण. नाना त्याला सरकारी मोहोर समजत. ठिपका मोडला, म्हणजे बाहेरच्याचा हात लागला, म्हणजे कंपनी जबाबदार नाही. “तुझा माल चांगला असेल गं,” त्यांनी एकदा बहिणीला तोंडावर सांगितलं होतं, “पण माझ्या गाडीत ओरिजिनलच जाणार.” आत्या चहा अर्धा टाकून उठली होती. सख्खी बहीण बाहेरची ठरली, आणि ठरवलं कुणी, तर एका पिवळ्या ठिपक्याने.

“गाडी विकायच्या आधी एकदा बघशील?” शहाणीने विचारलं.

“आता काय बघू? मेल्या म्हशीला मणभर दूध?”

“आईसाठी बघ. तो खर्च खरा होता की नाही, एवढंच मला कळायला हवंय.”

पलीकडे हातोड्याचे दोन ठोके ऐकू आले. “आणि खरा असला तर?”

खरा असला, तर आई उरलेला जन्म मीटरवाल्यांना गाठून कबुलीजबाब देत राहणार होती.

“येते,” आत्या म्हणाली.

गाडी पार्किंगच्या कोपऱ्यात धुळीने मळून उभी होती. आत्याने स्वतःची भरलेली बॅटरी आणली होती. एवढे दिवस उभ्या गाडीतली उतरली असणारच. ती बसवून तिने शहाणीला किल्ली फिरवायला सांगितलं.

टक.

तोच, त्या सकाळचा आवाज. वर तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराची खिडकी लागल्याचा आवाज आला.

आत्या बॉनेटखाली वाकली. टॉर्च मारून बघत राहिली. मग तिने जी शिवी घातली ती शहाणीने तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

“इकडे ये. हा दिसतो का? हा स्टार्टर. आणि हे त्याचे बोल्ट.”

बोल्टांवर पिवळे ठिपके होते. अगदी धड, न तडकलेले. वर तेल आणि धुळीचा जुना थर.

“म्हणजे?”

“म्हणजे काय, शहाणे? तूच सांग. हा काढायचा तर बोल्ट फिरवायला नको? फिरवला तर ठिपका तुटायला नको? जळालाय म्हणाले ना? उघडल्याशिवाय कसं कळलं, वास घेऊन? अगं, ह्यांनी त्याला बोटसुद्धा लावलेलं नाही!”

“पण नानांसमोर त्यांनी मशीन लावलं होतं. कॉम्प्युटरला जोडून—”

“कॉम्प्युटर म्हणतो, गाडी सुरू होत नाही. ते तर तुझे नानाही सांगत होते, फुकटात.” आत्याने पिशवीतून जाड काळी वायर काढली. “का होत नाही, ते बघायला वाकावं लागतं. वाकायला ह्यांना वेळ नसतो. तिथं दुरुस्ती नसतेच, बदली असते. आख्खा भाग काढ, आख्खा भाग टाक. दोन बोटांएवढा ब्रश झिजला तरी आख्खा स्टार्टर. आणि सल्लागाराचं महिन्याचं टार्गेट भरतं ते विकलेल्या खोक्यांवर.”

“आणि खोक्यातला माल?”

“तोच. बनवणारा कारखाना बहुतेकदा एकच. साध्या खोक्यात माझ्याकडे येतो, कंपनीच्या खोक्यात त्यांच्याकडे. नाव छापलं की तिप्पट.” मग जरा थांबून, नाइलाजाने न्याय केल्यासारखं ती म्हणाली, “सगळंच स्वस्त घ्यावं असं नाही. ब्रेकचा माल मी कुणाला रस्त्यावरचा घेऊ देत नाही. पण हे? फिरव किल्ली.”

तिने काळ्या वायरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावलं आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर दाबून धरलं.

शहाणीने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

इंजिन एका लयीत, काहीच घडलं नसल्यासारखं चालत राहिलं. त्या लयीचाच शहाणीला भयंकर राग आला. बॉनेटवर मूठ आपटावी असं वाटलं, आणि मूठ कधी आपटली ते तिला कळलंही नाही.

“बंद कर,” आत्या हळूच म्हणाली. मग तिने एक चपटी, विणलेली पट्टी सोडवून वर काढली. एका टोकाला पांढरट हिरवी भुकटी जमली होती. “बॅटरीतून निघालेल्या करंटला परत जायची वाट ही. गंजली. बाकी काही नाही. पॉलिश पेपरने घासायची, वर थोडं व्हॅसलीन लावायचं.”

“किती खर्च?”

“कसला खर्च? पॉलिश पेपरचा तुकडा.” ती घासू लागली. घासता घासता तिचा हात भलताच जोरात चालू लागला. “मला विचारलं असतं तर... एकदा, एकदा विचारलं असतं तर ह्या माणसाने! बहिणीपेक्षा ठिपक्यावर विश्वास. असा कसा गं तुझा बाप?”

“तसाच होता,” शहाणी म्हणाली. तिला नानांचा राग आला होता, आणि राग यायला ते समोर नाहीत याचा त्याहून जास्त.

जिन्यात चपलांचा आवाज झाला. आई खाली आली होती. अंगावर घरातलीच साडी, हात पिठाचे.

“सुरू झाल्याचा आवाज आला,” ती म्हणाली. “वन्सं, नवा स्टार्टर आणलात?”

आत्याने शहाणीकडे पाहिलं. ह्या क्षणी खोटं बोलता आलं असतं. जुना बसवला, उसना बसवला, काहीही. शहाणीने ते करायचं नाही असं ठरवलं. आईला दया सगळेच दाखवत होते, आणि त्या दयेत ती बुडत चालली होती.

“नाही आणला, आई. नव्याची गरजच नव्हती. तू त्या महिन्यात हो म्हणाली असतीस, तरी ते पैसे पाण्यात गेले असते. त्यांनी नवा स्टार्टर टाकला असता आणि गाडी तशीच टकटक करत बसली असती.”

“वहिनी, ही पट्टी,” आत्या म्हणाली. “हिच्यावर गंज होता. त्यांनी बघितलंच नाही. हातच लावला नाही.”

आईने पट्टी हातात घेतली. पिठाच्या बोटांनी उलटसुलट करून पाहिली. मग तिने ठिपके दाखवायला लावले, आणि बघायला ती स्वतः वाकली, पदर खोचून. तिला समजायला वेळ लागला नाही. स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईला, झाकण न उघडता ‘दूध नासलंय, नवं घ्या’ म्हणणारा माणूस कोण असतो, ते सांगावं लागत नाही.

“म्हणजे मी उगाच...” ती म्हणाली, आणि वाक्य तिथंच सोडलं. तिचा चेहरा पार बदलला. तो चेहरा शहाणीने लहानपणी पाहिला होता, शाळेत बाईंनी तिला विनाकारण मारलं होतं तेव्हा. “लावा ती पट्टी, वन्सं. आणि चला.”

“कुठं?”

“मला विचारायचंय त्याला.”

सर्व्हिस सेंटर थंडगार होतं. काचा, पांढऱ्या टाइल्स, कॉफीचं यंत्र, सोफ्यांवर वाट बघत बसलेले गाडीमालक. गोड आवाजाचा सल्लागार हात जोडत पुढे आला. “या काकू, बसा. गाडी आणलीत? अरे वा, टो करून?”

“चालवत आणली,” शहाणी म्हणाली.

तो क्षणभर अडखळला. “बाहेर दाखवलंत का? मग आता आमची जबाबदारी—”

“तू माझ्या नवऱ्याला स्टार्टर जळाला म्हणून सांगितलंस,” आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “उघडून बघितला होतास?”

“काकू, आमची एक पद्धत असते. सिस्टिम जे दाखवते—”

“मी सिस्टिमला विचारत नाही. तुला विचारतेय. हात लावला होतास?”

त्याने मॅनेजरच्या केबिनकडे बघितलं. मॅनेजर स्वतःच बाहेर आला, हसत, तरबेज. झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो, म्हणाला. पुढच्या वेळी पार्ट्सवर खास सवलत देऊ, म्हणाला. कूपनही काढलं.

आत्या काही बोलणार तोच आईने तिचा हात दाबला. कूपन घेतलं नाही, झटकलंही नाही. ती वळली आणि सोफ्यावरच्या सगळ्यात जवळच्या माणसाशी बोलू लागली. टाय लावलेला, मांडीवर लॅपटॉप असलेला तरुण.

“तुमच्या गाडीचं काय सांगितलंय हो ह्यांनी?”

“ए.सी.चा कॉम्प्रेसर,” तो गोंधळून म्हणाला. “आख्खा बदलायला लागेल म्हणतात.”

“उघडून दाखवला?”

“नाही.”

“मग जा. उठा, आणि आत जाऊन म्हणावं, माझ्यासमोर उघड.”

“काकू, ग्राहकांना वर्कशॉपमध्ये जाता येत नाही,” मॅनेजर म्हणाला. हसू अजून ओठांवर होतं, डोळ्यांतून गेलं होतं. “आपण आत बसून शांतपणे बोलू या का? तुमचाही वेळ वाचेल.”

“माझी घाई त्या सकाळीच संपली,” आई म्हणाली.

ती सोफ्यावर बसली. एका बाजूला आत्या बसली, दुसऱ्या बाजूला शहाणी. लॅपटॉपवाल्याने लॅपटॉप मिटला, सल्लागाराकडे बघितलं, आणि वर्कशॉपच्या दाराकडे निघाला. आई तोवर पलीकडच्या बाईकडे वळली होती.

“आणि तुमचं, ताई? तुम्हाला काय सांगितलंय?”