दोन डेंजर पळाले

"बॅग हॉलमध्येच ठेवाल ना, सू?" एल्स्पेथ लिंडसे नेहमीच्या गोड आवाजात म्हणाल्या.

सुप्रभाताईंनी बॅग ठेवली. सहा आठवडे दर मंगळवारी आणि गुरुवारी ती हॉलमध्येच राहत होती. असून असून असायचं काय तिच्यात? पोळीभाजीचा डबा, छत्री आणि बसचा पास. पण म्हातारीला संशय, ही बाई घरातलं एखादं जुनं पत्र तिच्यात घालून नेईल. बरं, सुप्रभाताईही काही कमी नव्हत्या. पहिल्या दिवसापासून त्यांचीही एल्स्पेथबाईंवर बारीक नजर होती.

एडिनबराच्या एका हॉस्पिटलात एकतीस वर्षं त्यांनी मेडिकल रेकॉर्ड्समध्ये काढली होती. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर त्या पेपर वाचावा तसं वाचायच्या. रिटायर झाल्यावर कुणीतरी त्यांचं नाव लिंडसेंना सुचवलं. या लिंडसेंचे पूर्वज अठराशे सदतीस साली इथून ऑस्ट्रेलियात गेले, तिथे मेंढ्या पाळल्या आणि बघता बघता हजारो एकरांचे धनी झाले. त्यांनी घरी धाडलेल्या पत्रांचं आता पुस्तक निघायचं होतं. जूनमध्ये ऑस्ट्रेलियातली सगळी भावकी इथे जमणार, तेव्हा प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत पडायला हवी. निम्मी पत्रं एल्स्पेथबाईंच्या पुतण्याने टाइप करून ठेवली होती. ती तपासायची, उरलेली टाइप करायची, आणि शेवटी 'मजकूर मुळाप्रमाणे आहे' असं लिहून खाली सही करायची, एवढं सुप्रभाताईंचं काम. शुक्रवारी सगळं छापायला जाणार होतं.

"तेव्हा तिथली सगळी जमीन रिकामीच होती," एल्स्पेथबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रिकाम्या जमिनीवर मेंढ्या राखायला पत्रांतून मागवलेल्या त्या बंदुका कशाला लागायच्या, हे सुप्रभाताईंनी विचारलं नाही. मनात मात्र ठेवलं.

आणि ते पंधरा नंबरचं पत्र. पत्रांवर कुणीतरी पेन्सिलीने नंबर घातले होते. चौदानंतर एकदम सोळा. विचारलं तर उत्तर मिळालं, पंधरा हरवलंय. सुप्रभाताईंनी हॉस्पिटलात असल्या हरवलेल्या फाइली पुष्कळ पाहिल्या होत्या. फाइल कुठे जात नाही, कुणीतरी तिच्यावर बसलेलं असतं.

आज मंगळवार होता. पुतण्याचा मजकूर मूळ पत्रांशी ताडून बघता बघता त्या एका ओळीवर अडल्या. 'लांबच्या झोपडीवर दोन डेंजर पाठवले.' पुढे, 'डेंजर तांदूळ मागतात.' मग, 'दोन डेंजर पळाले, एक सापडला.' आणि सोळा नंबरात, 'ज्या ओढ्याकाठी डेंजर पुरला, तिथे पूर आला.' यावर पुतण्याने खाली टीप दिली होती: बहुधा सुरुंगाची दारू.

सुप्रभाताईंना हसू फुटलं. तांदूळ मागणारी दारू कुणी पाहिलीये! त्यांनी भिंग काढून अक्षर नीट पाहिलं. त्या इंग्रजी शब्दात शेवटच्या R च्या आधी E नव्हता, A होता. डांगर. एकदा मनाशी म्हणून पाहिलं, मग दुसऱ्यांदा, आपल्याकडच्या उच्चारात. धनगर.

त्यांचा आजा माण तालुक्यातला धनगर. दिवाळी झाली की मेंढरं हाकत घरदार घेऊन निघायचा. वडील शिकले, तलाठी झाले, आणि घरात तो विषय बंद झाला. इथल्या मराठी मंडळात कुणी "तुम्ही मूळच्या कुठल्या?" म्हणालं की सुप्रभाताई "साताऱ्याच्या" म्हणायच्या आणि बोलणं दुसरीकडे वळवायच्या. त्यांना आज्याची लाज वाटायची. ती वाटते म्हणून स्वतःचा रागही यायचा.

जेवणाच्या सुट्टीत बागेत जाऊन त्यांनी लेकीला, तनयाला फोन लावला. तनया एडिनबरात जन्मलेली, लंडनजवळ स्लाऊला नोकरीला. मराठी बोलायची, पण लिंगवचनाशी तिचं कधी जमलं नाही.

"आर यू शुअर, आई? ते लोक आपला आहे?"

"आपले आहेत. धनगर म्हणजे दुसरे कोण असणार?"

"पण साताऱ्यापासून ऑस्ट्रेलिया? त्या काळात? हाऊ?"

"ते पंधरा नंबरात असेल. म्हणून तर ही बया त्यावर बसलीये."

"तू ना, सगळ्यांवर डाउट करते. प्लीज भांडू नको. त्यांचा फॅमिली आहे ती."

"आणि माझं कुणीच नाही?" सुप्रभाताईंनी फोन ठेवून दिला.

दुपारी एल्स्पेथबाई चहा घेऊन आल्या. पुढचं बोलणं इंग्रजीतच झालं, आपण आपलं मराठीत ऐकू.

"हा शब्द डेंजर नाही," सुप्रभाताई म्हणाल्या. "धनगर आहे. आमच्याकडे मेंढपाळांना म्हणतात. माझा आजा धनगर होता."

हे वाक्य त्यांनी एडिनबरात पहिल्यांदाच उच्चारलं, आणि तेही कुणापुढे, तर या बाईपुढे.

"त्या ओढ्याकाठी माणूस पुरलाय. मला पंधरा नंबर बघायचंय. नाहीतर मी सही करणार नाही."

"तुमची माणसं होती ती?"

"हो."

एल्स्पेथबाई उठल्या. "मग तुमचा हक्क आहे," म्हणाल्या, आणि वर जाऊन एक पाकीट घेऊन आल्या. "तुम्ही भारतातल्या. मला वाटलं, याच्याच मागावर आलात. म्हणून ती बॅग बाहेर."

सुप्रभाताईंनी पत्र उघडलं. 'डांगर बुधू दुसऱ्यांदा पळाला. घरी जायचं म्हणतो. कराराची तीन वर्षं उरली आहेत. घोड्यामागे बांधून परत आणला. तिसऱ्या दिवशी झोपडीत मेला. ओढ्याकाठी पुरला.' आणि खाली: 'कलकत्त्याचे दलाल तिथल्या डोंगरातल्या सगळ्याच मजुरांना डांगर म्हणतात. इथे येईपर्यंत या माणसाने आयुष्यात मेंढरू राखलं नव्हतं.'

ती शेवटची ओळ त्यांनी तीनदा वाचली. कलकत्ता. डोंगरातले मजूर. मेंढरू न राखलेला धनगर! कुठला माण नि कुठला आजा. नुसतं नाव सारखं.

माण कुठे नि कलकत्ता कुठे, हे एल्स्पेथबाईंच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. गप्प बसलं की काम झालं. पण आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतलेल्या सुप्रभाताईंना आता स्वतःचाच संशय आला. हा बुधू आपला नाही हे सकाळीच कळलं असतं, तर भांडलो असतो का आपण? खरं उत्तर त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

"एल्स्पेथ, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "ही माझी माणसं नाहीत. शब्दाने फसले मी."

एल्स्पेथबाईंचा चेहरा सैल झाला. त्यांनी पत्रासाठी हात पुढे केला. "मग तुमचा याच्याशी तसा काही संबंध नाही."

"माझा नाही," सुप्रभाताईंनी पत्र सोडलं नाही. "तुमचा आहे. तुमच्या मेंढ्या राखताना मेला तो."

पुढे केलेला हात तसाच राहिला. मग एल्स्पेथबाईंनी तो मागे घेऊन मांडीवर ठेवला. त्या एकदम खूप थकलेल्या दिसल्या.

"जूनमध्ये सगळे येतील," त्या हळू म्हणाल्या. "लहान मुलंसुद्धा."

"वाचतील तीही."

बाहेर बस थांबून निघून गेली. कपातला चहा कुणी घेतला नाही. शेवटी एल्स्पेथबाईंनी खुर्ची ओढली, सुप्रभाताईंच्या शेजारी बसल्या आणि चष्मा लावला.

"मी वाचते," त्या म्हणाल्या. "तुम्ही टाइप करा."

सुप्रभाताईंनी पत्र त्यांच्यापुढे सरकवलं. एल्स्पेथबाई एकेक शब्द स्पष्ट वाचत गेल्या. बुधूचं नाव टाइप झाल्याबरोबर स्क्रीनवर त्याखाली लाल नागमोडी रेघ उमटली.

"काही चुकलं का?" एल्स्पेथबाईंनी विचारलं.

"नाही. बरोबर आहे," सुप्रभाताई म्हणाल्या. त्यांनी ते नाव कॉम्प्युटरच्या शब्दकोशात घातलं. रेघ गेली. "हं, पुढे वाचा."