जाड तार 'हो' म्हणाली

बैठकीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. मेजावर गेल्या वर्षी वारलेल्या वादकाचं व्हायोलिन ठेवलं होतं. त्याच्या सगळ्यांत जाड तारेवर आणि तिच्या शेजारच्या तारेवर कागदाची एकेक दुमडलेली चिठोरी. जाड तार 'हो', शेजारची 'नाही'.

"बोल, पुण्यात्म्या! तुझ्या पत्नीनं इन्सुलिनच्या सुया थांबवाव्यात?" नादमहाराजानं व्हायोलिनवर वाकून भरदार हुंकार धरला. कुणी हात लावला नाही, तरी जाड तारेवरची चिठोरी थरथरली आणि टुणकन उडाली. लोकांनी हात जोडले. समोर बसलेल्या त्याच्या पत्नीच्या डोळ्यांना धार लागली.

शेजारी उभ्या तिच्या लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईची साखर चढलेली, पायाची जखम काळवंडलेली, आणि हा भामटा मेलेल्या नवऱ्याच्या नावानं तिचं इन्सुलिन बंद करत होता! लेक शाळेत व्हायोलिन शिकवायची. तिला खेळ तिथंच कळला.

"तारांवर धूळ आहे, पुसते," म्हणत तिनं जाड तारेची खुंटी हळूच ढिली केली आणि चिठोरी परत बसवली. "आता विचारा महाराज, हे माझेच वडील होते ना?"

महाराजानं हुंकार धरला. चिठोरी ढिम्म. आवाज चढला, मानेच्या शिरा फुगल्या. तरी ढिम्म.

"आत्मा रुसला! इथं कुणीतरी अविश्वासू आहे!"

"आत्मा नाही रुसला, तार उतरलीय." तिनं खुंटी पिळून तार पुन्हा सुरात आणली. "आई, हा सूर गुणगुण."

आईनं कापऱ्या आवाजात सूर लावला. चिठोरी उडाली.

"अगं बाई! हे मी केलं?"

"तूच. तार ज्या सुराला लावलेली असते, तोच सूर जवळ घुमला की हवेतून ती थरथर तिच्यापर्यंत पोचते आणि ती आपोआप हलते. ह्यानं हव्या त्या तारेचा सूर काढला, एवढंच."

"जाऊ दे गं," शेजारीण पुटपुटली, "तिला जरा समाधान तर मिळालं."

"समाधान?" लेक कडाडली. "पाय कापायची वेळ आली असती तिच्यावर! आठवण काढा, रडा, कोण अडवतंय? पण चमत्कार दिसला की आधी विचारा, हे आणखी कशानं होतं? आणि जो विचारू देत नाही, त्याच्या समोरून उठा!"

महाराज शाल सावरत दाराकडे सरकत होता. आईनं डोळे पुसले.

"आधी ह्याला बाहेर काढ," ती म्हणाली, "मग मला डॉक्टरांकडे ने."