कंडक्टरची पँट

केमोच्या सलाइनच्या खोलीत मास्तर आणि कंडक्टर शेजारी शेजारी बसत. मास्तर शिंपी, कंडक्टर त्यांचं जुनं गिऱ्हाईक. दोघांनाही फुप्फुसाचा कॅन्सर. दोघांच्या गाठींचे तुकडे तपासायला गेले. कंडक्टरच्या तुकड्यात जनुकाचा एक बिघाड सापडला. त्या बिघाडावर नेमकी गोळी होती, त्यामुळे त्याची सलाइन सुटली. मास्तरांच्या रिपोर्टवर एवढंच आलं : नमुना अपुरा.

"बिघाड सापडला हो, वहिनी!" कंडक्टरच्या बायकोनं मास्तरीणबाईंना मिठीच मारली. नवऱ्यात खोट निघाली म्हणून हरखलेली बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्या तोंडभर हसल्या, पण मनात म्हणाल्या, आपल्या माणसानं कुणाचं घोडं मारलं होतं?

डॉक्टर म्हणाले, पुन्हा सुई घालून तुकडा काढू. काही सापडेलच असं नाही, पण बघायला हवं. मागच्या सुईनं फुप्फुसाला भोक पडून छातीत नळी घालावी लागली होती. मास्तरांनी साफ नकार दिला.

"अहो, कापड कमी पडलं तर मागावंच लागतं ना?"

"मी कधी मागितलंय गिऱ्हाइकाला? आहे त्यात बसवतो. त्यांनीही बसवावं."

बाईंनी विनवलं, अबोला धरला. मास्तर ढिम्म.

मग एका सकाळी कंडक्टर बायकोला घेऊन दुकानात आला. आजारात ढगळ झालेली त्याची पँट मास्तरांनीच कमरेत आत घेतली होती.

"मास्तर, सोडा जरा. बटण लागेना."

"जिने चढतात आता," बायको कौतुकानं म्हणाली. "आणि वरपर्यंत माझ्याशी भांडतात!"

काजं करता करता मास्तरीणबाईंच्या मनात आलं, लागू नये मेली ती गोळी. त्यांनी जीभ चावली, पण मनात आलेलं परत जाईना.

मास्तरांनी कंडक्टरच्या कमरेला टेप लावली. पाहिलं. पुन्हा लावली. एकच कंबर दोनदा मोजताना बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पँट उलटी करून शिलाई बघितली.

शिलाईच्या आत जादा कापड ठेवायचं, हा धंद्यातला पहिला धडा. माणूस कधीतरी भरतो. या पँटीत ते नव्हतं, कडेनं कातरून टाकलेलं होतं. हा गडी आता काही भरत नाही, असं धरूनच मास्तरांनी कात्री चालवली होती.

"कापड कमी पडतंय," मास्तर खाली बघत म्हणाले. "चूक माझी. थोडं आणून द्यावं लागेल."

"एवढंच ना? आणतो की!" कंडक्टर हसला. "तोंड का पाडलंत?"

दोघं भांडत भांडत रस्त्याला लागली. मास्तर दारातून बघत राहिले. नाडीनं आवळलेली स्वतःची पँट त्यांनी वर ओढली.

"डॉक्टरांना फोन लाव. म्हणावं, काढा तुकडा."

"भीती नाही वाटत?"

"वाटते. पण त्याची कंबर वाढतेय ते बघवत नाही मला."

"मलाही नाही बघवत," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन लावला.