टेकडीचं कुलूप

हडपसरच्या पलीकडे एका टेकडीवर जंगल आहे. ते खरं म्हणजे वनखात्याचं. पण सकाळी फिरायला येणाऱ्या टेकडीमित्र मंडळाला हे कुणी सांगितलं नव्हतं. मंडळाने जंगलाला उंच काटेरी कुंपण घातलं, एकच लोखंडी फाटक बसवलं आणि पाट्या लावल्या. ‘सिगारेट ओढणाऱ्याने राख घरी न्यावी.’ ‘आग लावणाऱ्याचा जाहीर सत्कार केला जाईल.’ मजकूर अध्यक्ष बद्रीनाथरावांचा. रंगवायचे त्यांचे जुने मित्र अय्युबभाई.

एप्रिलातल्या एका दुपारी, उन्हाने उडालेली अक्षरं गिरवायला अय्युबभाई रंगाचा डबा घेऊन वर गेले. तेवढ्यात आभाळ भरून आलं. पाऊस पडला नाही, वीज मात्र पडली. तिने पाटी वाचली नाही. वाळलेलं गवत पेटलं.

धूर पाहून मंडळ फाटकाशी जमलं. आग लागत नसते, कुणीतरी लावतं, यावर सर्वांचं एकमत होतं.

“अहो, वीज पडली! मी गच्चीतून पाहिली,” शेजारच्या सोसायटीतली, आठवीतली उत्कर्षा म्हणाली.

“विजेचं नंतर बघू. आत जो कुणी आहे तो सटकता कामा नये.” बद्रीनाथरावांनी फाटकाला कुलूप ठोकलं आणि किल्ली मंडळाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या योगेशकडे दिली. योगेश मोटारसायकलवरून मागच्या बाजूला पहाऱ्याला गेला.

“काका, अय्युबचाचा वर आहेत ना?”

“ते केव्हाच घरी गेले असतील.”

“मग ही सायकल?”

सायकल फाटकाजवळच झाडाला टेकून उभी होती. बद्रीनाथरावांनी घाईघाईने फोन लावला. योगेशने उचलला नाही. गाडी चालवताना तो फोन घेत नाही. नियम पाळणारा मुलगा आहे.

आतून फाटक वाजलं.

“बद्री, उघड रे!”

बद्रीनाथराव दगडाने कुलूप तोडू लागले. कुलूप मंडळाने चांगल्यातलं घेतलं होतं. बंबवाल्यांनी ते कापलं, तेव्हा आतून आवाज येणं थांबलं होतं.

शोकसभेत वक्त्यांनी विजेचा निषेध केला. कुलपाचा उल्लेख कुणी केला नाही. मंडळात सगळे सुसंस्कृत. फाटकावर अय्युबभाईंच्या नावाची पाटी लावायचं ठरलं आणि मजकुरासाठी सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. ते उठून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक रस्त्याच्या कडेला आडवं पडलेलं होतं. शेजारी बद्रीनाथराव हातात पाना घेऊन बसले होते.

“अध्यक्ष, हे काय?”

“मजकूर.”