कुर्डुवाडीचा उकार

युगांडा नावाचा देश आहे, हे आमच्या सोसायटीतल्या चौऱ्याऐंशी फ्लॅटपैकी फार तर दहांना माहीत असावं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टीव्हीवर तिथल्या इबोलाच्या बातम्या सुरू झाल्या आणि तीन दिवसांत तो देश चऱ्होलीला आळंदीपेक्षा जवळ आला.

चेअरमन नानासाहेब एका कंपनीच्या परचेस खात्यातून रिटायर झालेले. तिथे तीस वर्षं सहीशिवाय त्यांनी कागद हलू दिला नाही, आणि सही शक्यतो दुसऱ्याची घेतली. त्यांनी कमिटीची तातडीची सभा बोलावली. सातांपैकी चार आले, त्यातला एक पार्किंगबद्दल बोलायला. ठराव झाला की आठ दिवसांहून जास्त बाहेर राहून येणाऱ्या प्रत्येकाची गेटवर नोंद करायची. वॉचमनच्या रजिस्टरात आधीच सात रकाने होते, त्यात 'कुठून' हा आठवा आखला. त्याच्या वाट्याला दोन बोटं जागा आली.

वॉचमन भीमराज परभणीकडचा. अक्षर टपोरं. शाळेत अक्षराला बक्षीस मिळालं होतं, हे तो महिन्यातून एकदा तरी सांगतो. अशा अक्षराला दोन बोटांचा रकाना म्हणजे जाड्या माणसाला लोकलची चौथी सीट.

सोमवारी सकाळी नव्या रकान्यात पहिली नोंद पडली २०१ च्या दुर्गाबाईंची. त्या बहिणीकडे पंधरा दिवस राहून, ज्वारीचं पोतं घेऊन आल्या होत्या. भीमराजने लिहिलं, 'कुर्डुवाडी'. या गावाच्या नावात दोन उकार आहेत आणि भीमराजचे उकार खाली चांगलेच लोंबतात.

त्यानंतर दहा मिनिटांनी आला ३०४ चा सोनू. पाठीवर बॅग, हातात गुळाची पिशवी.

"कुठून आला, सोनूभाऊ?"

"घर से. यूपी, गोंडा."

"आईचं डोळ्याचं आपरेशन झालं का?"

"झाला. अब अखबार पढती है. पहिले पढना आता नहीं था, फिर भी पढती है."

भीमराज हसला आणि जागा कमी म्हणून त्याने आखडून लिहिलं: 'यु. गोंडा'. आठ वाजता ड्युटी संपवून तो घरी जाऊन झोपला, मोबाइल बंद करून.

दहा वाजता नानासाहेब रजिस्टर तपासायला आले. 'गोंडा'तल्या 'गो'ची मात्रा वर गेली होती ती थेट कुर्डुवाडीच्या उकाराला जाऊन भिडली होती. मात्रा गेली कुर्डुवाडीकडे, खाली राहिला नुसता काना. 'यु'पुढचं टिंब नानासाहेबांनी वाचलंच नाही. चष्मा डोक्यावर होता.

त्यांनी पानाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: "३०४ मध्ये युगांडाहून एक इसम दाखल. सर्वांनी सतर्क राहावे."

दुपारपर्यंत ग्रुपवर एकशे बारा मेसेज आले. त्यात एकोणीस फॉरवर्ड, सात हात जोडलेले, लिंबू-हळदीचे चार उपाय, आणि 'भाडेकरू ठेवूच नका' असं सांगणारे अकरा. त्यातल्या तिघांचे स्वतःचे रावेतला भाड्याने दिलेले फ्लॅट आहेत. 'त्याला ताप आहे का?' हा प्रश्न एकाच माणसाने विचारला. त्याला उत्तर आलं नाही. लिफ्टची बटणं लोक किल्लीने दाबू लागले, आणि तीच किल्ली दातात धरून पिशव्या उचलू लागले.

नानासाहेबांनी पालिकेच्या दवाखान्यात फोन केला. मग ३०४ च्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं. तेव्हा आत एकटा सोनू होता. त्याचे तिघे पार्टनर पहिल्या शिफ्टला गेले होते, त्यांना ग्रुपनेच कळवलं की परत येऊ नका.

सोनू झोपेतून उठला तो कुलपाच्या आवाजाने.

"अंकल, ये क्या? तीन बजे मेरा सेकंड शिफ्ट है."

"एकवीस दिवस शिफ्ट विसर," नानासाहेब जिन्याच्या चार पायऱ्या खालून म्हणाले. "पासपोर्ट दाखव."

"पासपोर्ट नहीं है."

"बघा!" नानासाहेब मागच्या लोकांकडे वळले. "पासपोर्टसुद्धा नाही आणि इतक्या लांबून आला!"

सोनू चाकणच्या एका कंपनीत, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होता. दोन वर्षं हेल्परकी केल्यावर याच महिन्यात त्याला मशीनवर घ्यायचं ठरलं होतं. कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर रंगराव, त्याचा नियम साधा: सुट्टी संपल्यावर लागोपाठ दोन शिफ्ट बुडल्या की गेटपास बंद, आणि मशीनवर दुसरा. सोमवारची शिफ्ट कुलपात गेली. उरली मंगळवारची, दुपारी तीनची.

तो रजिस्टरचा फोटो संध्याकाळपर्यंत रंगरावच्या मोबाइलवरही पोचला होता. त्याने सोनूला फोन केला. "हे बघ भावा, माझा काही प्रॉब्लेम नाही. पण गेटवर फोटो पोचलाय. सोसायटीचं लेखी पत्र आण, की तू तिकडचा नाहीस. उद्या तीनच्या आत. नायतर मला माणूस बदलावा लागेल."

रात्रपाळीला आलेल्या भीमराजने हे सगळं ऐकलं आणि रजिस्टर घेऊन तो नानासाहेबांचं दार वाजवायला गेला.

"साहेब, यु म्हंजे यूपी हाय. म्याच लिवलंय."

"आता वर कळवून झालंय, भीमराज. उद्या माणूस येईल तो ठरवेल."

"पण कुलूप तर तुमी लावलंय."

नानासाहेबांनी दार लावून घेतलं.

मंगळवारी अकरा वाजता पालिकेच्या दवाखान्यातून आरोग्यसेविका सुमनताई आल्या. त्यांच्या पर्समध्ये ताप मोजायचं यंत्र होतं आणि हातात अर्धवट खाल्लेला पेरू. जाळीबाहेर उभं राहून त्यांनी सोनूच्या कपाळावर यंत्र धरलं. सत्त्याण्णव पॉइंट आठ.

"विमान कुठलं होतं रे?"

"विमान? ट्रेन से आया, ताई. जनरल डब्बा. लखनौ तक खडा."

सुमनताईंनी नानासाहेबांकडे पाहिलं. "परदेशातून आलेल्यांची यादी असते आमच्याकडे. त्यात हा नाही."

"यादीत नाही, हाच तर धोका आहे मॅडम!"

"युगांडाहून पुण्याला जनरल डब्याने येता येत असतं, तर मीच जाऊन आले असते. रजिस्टर आणा."

रजिस्टर आलं. दिवसपाळीच्या वॉचमनने भीमराजलाही फोन करून झोपेतून उठवलं होतं. तो लुंगीवरच आला. सुमनताईंनी पान उजेडात धरलं, कुर्डुवाडीपासून खाली बोट आणलं, आणि पेरूचा एक घास खाल्ला.

"ही मात्रा आहे. इथं टिंब आहे. कुलूप काढा."

कुलूप निघालं. सव्वाबारा वाजले होते. पण सोनूला दार नको होतं, पत्र हवं होतं.

इथे मात्र नानासाहेब अडले. पत्र द्यायचं म्हणजे चूक झाली असं लिहायचं, आणि कोणाची ते लिहायचं. सगळे खाली सोसायटीच्या ऑफिसात आल्यावर त्यांनी लेटरहेड काढलं आणि पहिला मसुदा वाचून दाखवला: "वॉचमनने चुकीची नोंद केल्यामुळे..."

"न्हाई," भीमराज म्हणाला. "म्या बरोबर लिवलंय. तुमी वाचताना चुकलात."

"अरे, तुझी नोकरी नाही घालवत. एक ओळ आहे नुसती."

"त्या एका ओळीवरच दुसरीकडं कोनी ठिवत न्हाई, साहेब. वॉचमन, आन त्याला लिवता येत न्हाई!"

दुसऱ्या मसुद्यात 'गैरसमजातून' असं होतं. सुमनताईंनी विचारलं, "कोणाच्या?" तो कागद नानासाहेबांनी स्वतःच चुरगळला. एक वाजला. सोनू भिंतीला टेकून मोबाइलवर वेळ बघत होता. एरवी कंपनीची बस चऱ्होली फाट्यावरून दीडला सुटते. आज गेटपासच अडकल्याने त्याला तीही बंद.

शेवटी नानासाहेबांना परचेस खातं आठवलं. तिथे माल चुकला तर दोष कोणाचा नसे, पॅकिंगचा असे. त्यांनी तिसरा मसुदा मोठ्याने वाचत लिहिला: "वरील ओळीतील 'कुर्डुवाडी' या शब्दाचा उकार खाली उतरल्याने पुढील नोंद अस्पष्ट झाली. सदर इसम उत्तर प्रदेशातील गोंडा येथून आलेला आहे."

तेवढ्यात दुर्गाबाई जिना उतरून आल्या. "माझ्या कुर्डुवाडीला कशाला मधे ओढता? मी काय आजार आणला?"

"दुर्गाबाई, गावाचा नाही, उकाराचा दोष आहे."

"उकार भीमराजचा ना?"

"उकार माझाच हाय," भीमराज म्हणाला. "पर उकार खालीच उतरतो, मावशी. त्याला कोन काय करनार?"

दुर्गाबाईंनी थोडा विचार केला. मग पत्रावर साक्षीदार म्हणून सही केली आणि सोनूला म्हणाल्या, "कालपासून जेवलास का?"

"गुड खाया."

त्यांनी दोन भाकऱ्या कागदात गुंडाळून दिल्या. नानासाहेबांनी शिक्का मारला, दोनदा. सुमनताईंनी ताप नसल्याचं खाली लिहून दिलं. ३०४ चा एक पार्टनर साप्ताहिक सुट्टीवर होता. तो बाइक घेऊन गेटवर आला. पावणेदोन.

चाकणच्या चौकात नेहमीसारखेच ट्रेलर अडकलेले होते. सोनू कंपनीच्या गेटवर पोचला तेव्हा तीनला सात मिनिटं कमी होती. सिक्युरिटीवाल्याने पत्र दोन वेळा वाचलं, दोन्ही शिक्के बघितले, सुमनताईंचं अक्षर बघितलं, मग रंगरावला फोन लावला. रंगरावने पलीकडून "घे आत" म्हटलेलं सोनूलाही ऐकू आलं.

"चल, एंट्री कर. गाव कुठलं?" सिक्युरिटीवाल्याने पेन काढलं. त्याच्या रजिस्टरातला रकानाही अरुंदच होता. त्याने 'यु' लिहून टिंब द्यायला पेन टेकवलं.

सोनूने जाळीतून हात घालून रजिस्टर धरलं.

"पूरा लिखो, साहब. उत्तर प्रदेश. फिर जिल्हा."

"अरे, जागा कुठंय? भोंगा होईल आता."

"बगल के खाने में लिखो. मैं खडा हूँ."

सिक्युरिटीवाल्याने त्याच्याकडे बघितलं, 'यु' खोडला आणि शेजारचे दोन रकाने ओलांडून लिहायला सुरुवात केली. भोंगा झाला तेव्हा तो 'प्रदेश'पर्यंत आला होता. 'गोंडा' लिहून होईपर्यंत सोनू हलला नाही. मात्रा वर सुटी उभी आहे, हे त्याने वाकून पाहिलं आणि मग तो पंचिंग मशीनकडे धावला.