खिंडीच्या चढावर ढेपाळलेली मी

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल गाडी आहे. वय एकवीस, रंग एकेकाळी पांढरा. सर्बियातल्या झ्लातार डोंगरावरचे प्रत्येक वळण मला पाठ आहे. फुशारकी वाटेल, पण आहे ते आहे.

सुरुवातीची काही वर्षे एका वकिलाने मला सपाट रस्त्यांवर फिरवले आणि दर शनिवारी चकाचक पुसले. मग मी रादिसावकडे आले. त्याने माझ्यातून कोकरे नेली, चीजची पिंपे नेली, एका लग्नात तर तुताऱ्यांसकट पाच बँडवाले कोंबले. गेली दोन वर्षे मात्र माझे काम एकच. त्याच्या बायकोला, कोसाराला, आठवड्यातून तीनदा खिंड ओलांडून शहरात डायलिसिसला नेणे. आमच्या गावात बस येत नाही.

त्या मे महिन्यात खिंडीच्या चढावर पिवळा दिवा लागला आणि मी ढेपाळले. हा आळस नव्हे बरे का! काही बिघडल्याची शंका आली की आम्ही गाड्या आपली ताकद स्वतःच कमी करतो. इंजिन वाचते, आणि रखडत का होईना, घर गाठता येते. रादिसाव मला बंद करून पुन्हा चालू करी. तेवढ्यापुरती मी पळे, पुढच्या चढावर पुन्हा तेच. मागचे ट्रक भोंगे वाजवून जीव नकोसा करत.

शहरातल्या गॅरेजवाल्याने दोष वाचणारे यंत्र जोडले आणि "टर्बो गेला, नवा यायला दोन आठवडे," असे सांगून हात झटकले. टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा माझा पंखा.

परतताना कोसारा म्हणाली, "राहू दे आता, रादिसाव. गाडी दमली, मीही दमले. सोमवारी नको जाऊया."

मला फार वाईट वाटले.

रविवारी सकाळी त्याने मला गावातल्या देसांकाच्या अंगणात उभे केले. तिने बसच्या डेपोत तीस वर्षे इंजिने उघडली होती. आमच्या रिवाजाप्रमाणे आधी कॉफी झाली.

"टर्बो गेला म्हणे," रादिसाव म्हणाला.

"कोण म्हणे? यंत्र एवढंच सांगतं, की हवेचा दाब कमी पडतोय. का पडतोय, ते आपण शोधायचं, काका."

तिने माझ्या नळ्यांत धूर सोडला. कुठूनही गळती नव्हती. टर्बोचा दांडा बोटांनी हलवून पाहिला. तो घट्ट होता. "हा तर ठणठणीत आहे! मग मुळात हवा आत येते तरी का?" असे म्हणत तिने हवा आत घेणारी नळी उघडली. आतून कोसाराचा जुना पायमोजा निघाला. फाटलेला, आणि त्यातून केसच केस!

आमच्याकडे कुना नावाचे मुंगसाएवढे जनावर आहे. ते उबेला इंजिनात शिरते आणि रबरी नळ्या कुरतडते. कुत्र्याच्या वासाने ते पळते, म्हणून लोक मोज्यात कुत्र्याचे केस भरून इंजिनापाशी टांगतात. रादिसावने मोजा नेमका माझ्या नाकाशी टांगला होता. मी श्वासाबरोबर तो ओढून घेतला, आणि माझ्या फिल्टरवर केसांची चक्क गोधडी बसली.

देसांका पोट धरून हसली. "काका, अहो अख्खा कुत्रा खाऊ घातलात की हिला!"

"कुनाने नळ्या खाऊ नयेत म्हणून केलं गं," रादिसाव कानकोंडा होऊन म्हणाला.

तिने केस उपसले, नवा फिल्टर घातला, यंत्र लावून माझ्यात नोंदलेली जुनी तक्रार पुसली आणि मला चर्चच्या चढावर दोनदा पळवून दाब तपासला. मगच बॉनेटवर थाप मारून म्हणाली, "उद्या न्या काकूंना."

मित्रांनो, एक मागणे आहे. आमच्यापैकी कोणी अडखळले, तर लगेच मोडीत काढू नका. नुसता दिवा विझवून गप्पही बसवू नका. आम्ही कुठे अडलो आहोत, ते शेवटपर्यंत शोधा. बरेचदा आम्हांला फक्त श्वास हवा असतो.

सोमवारी कोसारा यायला तयार नव्हती. रादिसावने जवळजवळ उचलूनच तिला बसवले. खिंडीचा चढ आला. त्याने पाय दाबला आणि मी अशी उसळले की पुढचे दोन ट्रक मागे पडले. कोसाराने दाराची मूठ गच्च धरली आणि ओरडली, "अरे, हळू चालव की! मला अजून जगायचंय!"