न लपवलेली गोधडी

मी एक जुनी गोधडी आहे. नाकं मुरडू नका, मित्रांनो. माझ्या ठिगळांना नावं ठेवणारेच थंडी पडली की माझ्यासाठी भांडतात.

मला एका सुनेनं शिवलं. सासऱ्यांचे विरलेले सदरे, लेकीचं दुपटं आणि मधोमध, बरोबर छातीवर येईल असा, लढाईवर गेलेल्या नवऱ्याचा जुना कोट. लेक सात वर्षांची, दम्यानं बेजार. सगळे तिला छकुली म्हणत. तिला ऊब देणं हेच माझं काम, आणि ते मी चोख करत होते.

सासरे इंग्रजीचे निवृत्त मास्तर. छकुलीला धाप लागली की तिचं मन रमवायला ते शब्दांच्या गोष्टी सांगत. एकदा म्हणाले, इंग्रजीत युद्धातल्या लुटीला प्लंडर म्हणतात. शब्द आला जर्मनमधून. तिथे त्याचा मूळ अर्थ घरातलं किडूकमिडूक, कपडेलत्ते, अंथरूण-पांघरूण. चारेकशे वर्षांपूर्वीच्या लढायांत सैनिक घराघरांतून तेच उचलून नेत, म्हणून त्या नेण्यालाच ते नाव पडलं.

‘मग आपली गोधडी पण प्लंडर?’ छकुलीनं विचारलं. आजोबा हसून हो म्हणाले. मला इंग्रजी नाव आहे, या आनंदात मी फुगले. मेली अक्कल माझी!

आठवड्यात बातमी आली, परकी फौज पुलापर्यंत पोहोचली. मास्तरांनी फरशी उचकटून खाली चांदीचे चमचे नि घड्याळ लपवलं. सुनेनं विचारलं, ‘बाबा, गोधडीचं काय?’

‘हिला कोण नेतंय?’ मास्तर म्हणाले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सकाळी तीन सैनिक आले. थंडीनं काकडत होते. फरशीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. फाटक्या बुटांच्या एकानं मला छकुलीच्या अंगावरून ओढलं. सुनेनं माझा कोपरा घट्ट धरला.

‘बाकी सगळं न्या. पोरीला दमा आहे.’

मास्तरांनी फरशी उचलली आणि चांदी पुढे केली. सैनिकानं चांदी घेतली, आणि मलाही नेलं. दुपट्याचा कोपरा तेवढा सुनेच्या मुठीत राहिला.

सैनिकाच्या बायकोनं मला धुतलं, कोपऱ्याला नवं ठिगळ लावलं, टाके किती बारीक म्हणून कौतुक केलं. कुणाचे टाके, ते विचारलं नाही. आता तिचा मुलगा माझ्याखाली झोपतो. त्याचा काय दोष? पण छकुलीनं तो हिवाळा काढला की नाही, हे मला ठाऊक नाही, आणि ते मला फार छळतं.

आज सकाळपासून इथेही फौज येतेय म्हणतात. सैनिक फरशी उचकटतोय. तीच चांदी खाली ठेवतोय.

मित्रांनो, घरावर वेळ आली तर चांदी नंतर पाहा. आधी बघा, पांघरूण कुणाच्या अंगावर आहे.

बायकोनं विचारलं, ‘आणि ही गोधडी?’ मग स्वतःच म्हणाली, ‘जाऊ दे, हिला कोण नेतंय?’

सैनिक माझ्या कोपऱ्यावरच्या ठिगळाकडे बघत बसला आहे. मुलगा अजून झोपलेला आहे.